पाणी नितळ, पीएच 8, आणि तरीही सेलेनियम

2025 च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यात केसगळतीचं प्रकरण झालं आणि सेलेनियम या मूलद्रव्याचं नाव जळगाव-बुलढाण्यात घरोघरी पोचलं. तिथे संशय गव्हावर घेतला गेला, खाणीचा संबंध नव्हता. पण तेव्हापासून भुसावळकडची मंडळी विचारतात: वाघिणी भरभरून दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राला कोळसा येतो, त्यात हे असतं का?

असतं. पृथ्वीच्या कवचात टनामागे सरासरी 0.05 ग्रॅमच्या आसपास सेलेनियम आहे, तर कोळशात साधारण 1 ते 2 ग्रॅम. ते गंधकाचं सख्खं भावंड, म्हणून पायराइटमध्ये, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजात, गंधकाच्या जागी बसतं, शिवाय कोळशाच्या सेंद्रिय भागातही असतं. पाण्याचा त्रास मात्र विकल्या जाणाऱ्या कोळशापेक्षा थरांमधून काढून फेकलेल्या दगडाचा जास्त. खाणीतले लोक त्याला ओबी म्हणतात. घट्ट थरात असताना दगडाला हवा लागत नाही. सुरुंगाने फोडून डंप केला की प्रत्येक तुकड्याला हवा-पाणी भिडतं, पायराइट गंजून आम्ल तयार होतं आणि सेलेनियम सेलेनेट या विरघळणाऱ्या रूपात सुटतं.

इथेच फसगत होते. दगडात चुनखडीचा अंश असेल तर तयार झालेलं आम्ल तिथल्या तिथे मारलं जातं. लोह खाली बसतं, पाणी लाल होत नाही, पीएच 7.5 ते 8 दाखवतो. सेलेनेटला मात्र या पीएचला मातीचे कण धरून ठेवत नाहीत, ते पाण्याबरोबर सरळ निघून जातं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या एल्क खोऱ्यात असंच झालं. तिथल्या खाण कंपनीला 2021 मध्ये 6 कोटी कॅनेडियन डॉलर दंड झाला. नद्या दिसायला काचेसारख्या स्वच्छ.

आपल्याकडे पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. माशांना एवढं पाणीही सुरक्षित नाही. अमेरिकेने 2016 मध्ये साचलेल्या पाण्यासाठी 1.5 आणि वाहत्या पाण्यासाठी 3.1 मायक्रोग्रॅम हे निकष ठरवले, कारण शेवाळ सेलेनियम अनेक पटींनी साठवतं, किडे शेवाळ खातात, मासे किडे खातात, आणि मादीकडून ते अंड्याच्या बलकात उतरतं. मासा स्वतः धडधाकट दिसतो, पिल्लं वाकड्या कण्याची निघतात.

म्हणून पाणी तपासणीच्या रिपोर्टवर ‘आढळले नाही’ एवढं वाचून थांबू नका. शोधमर्यादा, म्हणजे त्या पद्धतीला दिसू शकणारं कमीत कमी प्रमाण, किती ते विचारा. ती 10 मायक्रोग्रॅम असेल तर माशांच्या दृष्टीने त्या कागदाला काही अर्थ नाही, 0.5 मागा. सेलेनियमचा हायड्राइड वायू करून मोजण्याच्या पद्धतीने तपासणी असेल तर आणखी एक खाचखळगा आहे. त्यात फक्त सेलेनाइट हे सेलेनियमचं दुसरं रूप मोजलं जातं, सेलेनेटचा हायड्राइड बनतच नाही. नमुना आधी हायड्रोक्लोरिक आम्लात, सुमारे 6 मोलर, 90 अंशांच्या आसपास अर्धा तास तापवून सेलेनेटचं सेलेनाइट करून घ्यावं लागतं. ही पायरी गाळली तर खाणीच्या पाण्याचा निकाल जवळजवळ शून्य येतो. आयसीपी-एमएसवर, म्हणजे अणूंच्या वस्तुमानावरून मोजणाऱ्या यंत्रावर, 80 वस्तुमानाला यंत्रातल्याच आर्गॉन वायूच्या अणूंची जोडी आडवी येते. यंत्राच्या कोषात हायड्रोजन वायू सोडून मोजावं.

नमुना आम्लाने धुतलेल्या प्लास्टिक बाटलीत घ्या. एक 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळलेला, एक तसाच, दोन्हींत पीएच 2 च्या खाली येईपर्यंत नायट्रिक आम्ल. सल्फेट आणि नायट्रेटही लावा. सल्फेटची तपासणी स्वस्त असते आणि डंपातून ते बहुधा सेलेनियमच्या जोडीनेच येतं, त्यामुळे ते चढू लागलं की सावध व्हावं. नायट्रेट सुरुंगाच्या दारूतून येतं. नमुना पहिल्या पावसात एकदा आणि हिवाळ्यात एकदा घ्या, आणि नाल्याचा प्रवाह मोजल्याशिवाय परत येऊ नका. लिटरला 20 मायक्रोग्रॅम आणि सेकंदाला 50 लिटर प्रवाह, म्हणजे दिवसाला 86 ग्रॅम, वर्षाला 31 किलो. आकडा इवलासा, ओझं मोठं.

शुद्धीकरण अवघड आहे. लोहाचा साका सेलेनाइट धरतो, सेलेनेट सोडून देतो. आरओ फक्त ते थोड्या पाण्यात गोळा करतं. जिवाणूंच्या टाकीत हवा बंद करून, मळीसारखं खाद्य देऊन सेलेनेटचं घन सेलेनियम करता येतं, पण जिवाणू आधी ऑक्सिजन आणि नायट्रेट संपवतात, सेलेनेटला हात शेवटी लावतात. नायट्रेट जास्त असेल तर खाद्य तिथेच संपतं. कधी एकूण आकडा उतरतो, पण बाहेर पडणाऱ्या पाण्यात सेलेनाइट आणि सेंद्रिय सेलेनियम उरतं, आणि शेवाळ तेच जास्त पटकन उचलतं. त्यामुळे पाण्याशी झगडण्यापेक्षा डंपाला हवा लागू न देणं केव्हाही बरं: ओबी पातळ थरांत दाबून रचावी, वरून झाकावी, किंवा जुन्या खड्ड्यात पाण्याखाली बुडवावी.

खान्देशात जमिनीखाली बहुतेक बेसाल्टच, कोळशाची खाण नाही. आपल्याकडे पाहायची ती राख. भट्टीत सेलेनियमची वाफ होते आणि धूर थंड होताना ती राखेच्या बारीक कणांवर बसते. ते पृष्ठभागावरच असल्याने राख पाण्यातून वाहून नेली की सुटतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या बेल्यूज तलावात 1970 च्या दशकात राखेच्या तळ्याचं पाणी सोडलं. तलावात सेलेनियम फक्त 10 मायक्रोग्रॅमच्या आसपास होतं, तरी 20 पैकी बहुतेक जातींचे मासे संपले. तेव्हा राखेच्या तळ्याशेजारची विहीर तपासायची असेल तर यादीत आर्सेनिक आणि बोरॉनसोबत सेलेनियम हाताने लिहून द्या.