जर्मन व्याही, आपला विदर्भ आणि लॉजवाल्याचा सी फॉर्म

पुतण्याने जर्मनीत लग्न केलं, सून तिकडचीच, आणि यंदा दिवाळीनंतर ऐन कापूस वेचणीत सून आणि तिचे आईवडील आमच्या आर्वी तालुक्यातल्या गावी आले. दादाचे व्याही म्हणजे माझेही व्याहीच, त्यामुळे गाडी घेऊन फिरवायचं काम माझ्याकडे आलं. सेवाग्राम, लोणार, चिखलदरा, शेवटी ताडोबा असा बेत होता. काय काय पाहिलं ते थोडक्यात सांगतो पण मुख्य लिहायचं आहे ते मुक्कामाबद्दल, कारण आता आपल्याकडे गावोगावची पोरं बाहेरदेशी आहेत, कोणाची सून तिकडची, कोणाचे नातवंडं तिकडच्या पासपोर्टचे, आणि ही मंडळी घेऊन तालुक्याच्या गावात लॉज शोधायला गेलं की काय होतं ते आधी माहीत असलेलं बरं.

आधी नियम काय तो समजून घ्या. परदेशी पासपोर्टचा माणूस मुक्कामाला आला की ज्याच्याकडे तो राहणार त्याने २४ तासांच्या आत एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसच्या, पोर्टलवर ऑनलाइन कळवायचं, यालाच सगळे सी फॉर्म म्हणतात. फी काही नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून नवीन कायदा लागू झाला, १९४६ चा जुना फॉरेनर्स ॲक्ट गेला, पण कळवायची जबाबदारी होती तशीच आहे. म्हणजे परदेशी पाहुणा ठेवायला बंदी नाही, कळवणं मात्र बंधनकारक. पण त्यासाठी लॉजवाल्याने पोर्टलवर आधी आपलं खातं उघडावं लागते, कागदपत्रं चढवावी लागतात, आणि जिल्ह्याच्या एसपी ऑफिसातून ते मंजूर व्हावं लागते. वर्षात एखादा परदेशी येणार की नाही याचाही भरवसा नसलेला लॉजवाला हे कशाला करून ठेवेल, म्हणून तो सरळ नाही म्हणतो. मनात काही वाईट नसते त्याच्या, त्याला पोलीस स्टेशनची चक्कर नको असते एवढंच.

आणि हे फक्त लॉजला नाही, आपल्या घरालाही लागू आहे बरं का, हे पुष्कळांना माहीतच नसते. पुतण्याने तिकडूनच दादाच्या नावाने पोर्टलवर घराची नोंद करून ठेवली होती, घराची टॅक्स पावती, दादाचं आधार वगैरे देऊन. मग एक दिवस बीट जमादार घरी आले, पोलीस पाटील सोबत होते, ओसरीवर बसले, कोण येणार किती दिवस राहणार विचारलं, चहा घेतला, जाताना वहिनीने संत्री बांधून दिली, झालं. पाहुणे आल्यावर त्याच रात्री पुतण्याने फॉर्म भरून टाकला. वहिनीच्या मनात धाकधूक होती की घरी पोलीस आले तर लोक काय म्हणतील, पण गावाला तर उलट पाहुण्यांचं कौतुकच जास्त.

सेवाग्राम घरून जाऊन-येऊनच केलं. बापूकुटी, आदिनिवास, येताना पवनारला धाम नदीकाठचा विनोबांचा आश्रम. विहीणबाई बापूकुटीत शेणाने सारवलेल्या जमिनीवर बराच वेळ बसून होत्या, आम्हीपण मग घाई केली नाही. तिथून पुढे समृद्धी महामार्गाने मेहकर आणि मग लोणार. लोणारला एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, तिथे काहीच अडचण आली नाही, सरोवर पाहायला परदेशी लोक येतातच, स्टाफला फॉर्म पाठ आहे. सरोवर मात्र सकाळी लवकर उतरून पाहा, उल्का पडून बसाल्टमध्ये झालेलं हे विवर, व्याही भूगोलाचे मास्तर होते ते तर दगड हातात घेऊनच फिरत होते. दैत्यसूदन मंदिर सोडू नका.

खरी अडचण लोणार ते चिखलदऱ्याच्या वाटेवर आली. रस्त्याचं काम सुरू होतं, अकोल्याच्या पुढे गेलो आणि अंधार पडला, आता रात्री घाट नको म्हणून वाटेतच थांबू म्हटलं. एका तालुक्याच्या गावी बसस्टँडजवळ एकामागोमाग एक लॉज पाहिले. सगळीकडे सुरुवात चांगली, रूम आहे ना भाऊ, गरम पाणी आहे, या ना. मग गाडीतून पाहुणे उतरले की काउंटरवरच्या माणसाचा चेहराच बदलायचा. "फॉरेनर आहे काय? नाही जमत भाऊ मग. आमच्याकडे ते सी फॉर्मचं नाही. पोलीसवाले मालकाले बोलावते." एका ठिकाणी मालक स्वतः खाली आले, वयस्कर माणूस, पाहुण्यांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, जेवून जा म्हणाले, पण ठेवू नाही शकत म्हणून हात जोडले. त्यांच्यावर राग येणंच शक्य नव्हतं. खाते मंजूर व्हायला दिवस लागतात, रात्री आठ वाजता कोणी काय करणार.

आणि एका ठिकाणी मॅनेजरने दुसराच रस्ता सांगितला, "रूम तुमच्या नावाने टाकतो, त्यांची एंट्रीच नाही करत, सकाळी लवकर निघा." हे अजिबात करू नका, मनापासून सांगतो. रात्री कोणाची तब्येत बिघडली, दवाखान्यात न्यावं लागलं, पासपोर्ट हरवला, तर तो माणूस तिथे होता याचा कागदच नाही. लॉजवाला अडकेल आणि पाहुण्याच्या पुढच्या व्हिसाचीही पंचाईत होईल. आपण घरच्या माणसांना सांभाळून न्यायला निघालो आहोत, एका रात्रीसाठी असलं काही नको.

मागे फिरून अकोल्याला आलो. स्टेशनकडच्या एका हॉटेलने फोनवरच हो म्हटलं, आणि तिथल्या काउंटरवरच्या पोराने समोर बसून फॉर्म भरला ते नीट पाहून ठेवलं म्हणून सांगतो काय काय लागते. पासपोर्टच्या फोटोच्या पानाचा फोटो, ई-व्हिसाची प्रिंट, आणि भारतात उतरल्यावर मारलेला इमिग्रेशनचा शिक्का ज्या पानावर आहे त्याचा फोटो. व्हिसा नंबर, कधी मिळाला, कधी संपतो. भारतात कोणत्या तारखेला आले, कुठून आले, इथून पुढे कुठे जाणार. त्यांच्या देशातला पूर्ण पत्ता, मोबाईल नंबर. शिवाय प्रत्येकाचा चेहऱ्याचा फोटो, तोही लहान साइझचा, मोठा असला की पोर्टल घेतच नाही, तिथेच त्या पोराचा सगळ्यात जास्त वेळ गेला. दुसऱ्या दिवशी मी हे सगळं प्रत्येकाच्या नावाने वेगळं करून एका कागदावर टाइप करून घेतलं, झेरॉक्सचे सेट काढले, फोटो छोटे करून मोबाईलमध्ये ठेवले. चिखलदऱ्याला हॉटेलवाल्याच्या हातात तो कागद दिला तर तो म्हणे, "असं सगळे आणते तर काय पाहिजे होतं." पासपोर्ट मात्र रात्रभर काउंटरवर ठेवून देऊ नका, दाखवा, कॉपी द्या, परत घ्या.

फोन करताना "रूम आहे का" हा प्रश्न नंतरचा, पहिला प्रश्न "परदेशी पासपोर्ट आहे, सी फॉर्म भरता का" हाच विचारायचा. समोरचा "कोणता फॉर्म" म्हणाला की समजून जायचं आणि दुसरा नंबर लावायचा. ॲपवर बुकिंग झालं म्हणजे काम झालं असं नाही, खाली नियमांत बारीक अक्षरात फक्त भारतीय ओळखपत्र चालेल असं असते आणि पैसे अडकून बसतात, म्हणून ॲपवर पाहिलं तरी हॉटेलला फोन कराच, शक्यतो नाव आणि वेळ लिहून ठेवा की कोण हो म्हणालं. मुक्काम जिल्ह्याच्या ठिकाणी नाहीतर पर्यटनाच्या ठिकाणी ठेवायचा, मधल्या गावांत जेवण-चहा. उजेड असेपर्यंत पोहोचायचं. गावातल्या लॉजवर परदेशी कार्ड चालेल असंही धरू नका, रोख ठेवा.

व्याह्यांना वाईट वाटलं असेल असं मला राहून राहून वाटत होतं, पण ते म्हणाले आमच्याकडेपण परदेशी माणसाला हॉटेलात फॉर्मवर सही करावी लागते, जर्मन लोकांसाठी ते जानेवारी २०२५ पासून बंद झालं, बाहेरच्यांसाठी चालू आहे. इटलीतही हॉटेलवाला पाहुण्याची माहिती २४ तासांत पोलिसांना पाठवतो. आपल्याकडून कोणी माल पाहायला चीनला जात असेल तर तिथे तर हीच गोष्ट, छोटी हॉटेलं परदेशी माणसाला घेत नाहीत म्हणून परत पाठवायची, शेवटी २०२४ मध्ये तिथल्या सरकारलाच सांगावं लागलं की परदेशी पाहुणा ठेवायची सोय नाही या कारणावरून नाही म्हणू नका. तरी तिकडे जाणाऱ्याने आधी विचारूनच बुकिंग करावं, आणि तिथे कोणाच्या घरी राहणार असाल तर २४ तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते हे लक्षात ठेवावं.

चिखलदऱ्याला थंडी चांगली होती, गाविलगड पाहिला, कॉफीची झाडं पाहिली, व्याह्यांना महाराष्ट्रात कॉफी होते हे खरंच वाटेना. ताडोब्याला मोहर्ली, कोलारा गेटकडच्या रिसॉर्टवाल्यांना परदेशी पाहुण्यांची सवय आहे, फॉर्म ते स्वतःच मागतात, भाडं मात्र जास्त आहे. तिथे आधी सफारी बुक करा मग रूम, परमिटवर पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव आणि नंबर टाका, गेटवर ओरिजिनल पासपोर्ट लागतो, झेरॉक्सवर सोडत नाहीत. मंगळवारी कोअर म्हणजे जंगलाचा आतला भाग बंद असते, तो दिवस प्रवासाचा किंवा आनंदवन पाहायचा ठेवा.