ओरादेआ अपडेट: क्रिशानाचा गुंता सुटला, पण आता अख्खी शीटच नव्यानं लावतोय

मंडळी, पश्चिम रोमानियातल्या ओरादेआच्या सीएओ (क्लुबुल आत्लेतिक ओरादेआ) या फुटबॉल क्लबचा इतिहास मी स्प्रेडशीटमध्ये मांडतोय, आणि त्यात ‘क्रिशाना’ हे क्लबचं नाव शेवटी जुळलं!! मागच्या अपडेटमध्ये रडगाणं गायलो होतो ना की लूकअप (एका टेबलातलं नाव दुसऱ्यात शोधून माहिती आणणारं सूत्र) अर्ध्या ओळी रिकाम्या सोडतोय, दोन्हीकडे नाव डोळ्याला अगदी सेम दिसतं तरी शीट म्हणते मॅच नाही, तर त्याचं कारण सापडलं आणि ते इतकं बारीक आहे की रोमानियन क्लबांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे आत्ताच लिहून ठेवा. रोमानियन ‘श’ म्हणजे एस अक्षराखाली एक छोटा स्वल्पविराम. पण जुन्या विंडोज फॉन्टमध्ये तो नसायचा, म्हणून लोक तुर्की भाषेतलं एसखाली शेपटी असलेलं अक्षर वापरायचे. दिसायला जवळपास एकच, कॉम्प्युटरला मात्र दोन पूर्ण वेगळी अक्षरं. म्हणजे जुनी पानं शेपटीवाली, नवी पानं स्वल्पविरामवाली, आणि काही ठिकाणी तर काहीच नाही, नुसता साधा एस. सब्स्टिट्यूट हे अक्षर बदलणारं सूत्र लावून तिन्ही प्रकार एकाच रूपात आणले आणि सगळ्या रिकाम्या ओळी भराभर भरल्या, काय बरं वाटलं सांगू! ‘त’ अक्षराचंही हेच आहे बरं का, तेही बघून घ्या.

आनंद मात्र रात्रीपुरताच टिकला. सकाळी टाइमलाइन काढली तर क्रिशाना ओरादेआ नावाची एकच लांबलचक पट्टी, 1930च्या दशकात सुरू आणि 1963 ला बंद. आणि आपला सीएओ? तो 1934-35 मध्ये रोमानियन लीगमध्ये रिपेन्सिया या क्लबच्या मागे दुसरा आला, आणि त्याच सीझनच्या त्याच टेबलमध्ये क्रिशानाही खेळतंय! एकाच टेबलात एकच क्लब दोन ओळींत कसा असेल? म्हणजे तीसच्या दशकातलं क्रिशाना हा सीएओच्याच गावातला दुसरा, वेगळा क्लब, आणि 1961 ते 63 चं क्रिशाना म्हणजे खुद्द सीएओ, शेवटच्या नावाखाली. अक्षर दुरुस्त केल्यामुळे दोन वेगळे क्लब एकमेकांत मिसळले. आधी शीट एकाचे दोन करत होती, आता दोनाचा एक करायला लागली.

यात तिसराही आहे, क्रिशुल. 1958 पासूनचा क्लब. क्रिशुल रेपेदे ही ओरादेआतून वाहणारी नदी आणि क्रिशाना हा क्रिश नावाच्या सगळ्या नद्यांचा प्रदेश, त्यामुळे तिकडे कोणीही क्लब काढला की नाव याच घराण्यातलं. 1963 मध्ये आपलं क्रिशाना विसर्जित होतं आणि त्याच साली क्रिशुल दिविझिया आ (रोमानियाची सर्वात वरची लीग) मध्ये वर येतं. गाव तेच, डिव्हिजन तीच, नाव दीड अक्षराने वेगळं. बऱ्याच याद्यांमध्ये ही ओळ सरळ पुढे जोडून टाकलीय, म्हणजे 1910 च्या क्लबचा इतिहास 1972 च्या एफसी बिहोरमध्ये जाऊन मिसळतो (क्रिशुलचं नाव 1972 ला एफसी बिहोर झालं, तो क्लब 2016 ला बुडाला). मला हे अजिबात पटत नाही. क्रिशुल 1958 पासून स्वतंत्रपणे उभं होतं, सीएओ जिवंत असताना पाच वर्षं शेजारी नांदत होतं. शेजाऱ्याला वारस कसं म्हणायचं? त्यामुळे माझ्या शीटमध्ये 1963 ला पट्टी तुटते. 2017 ला जो सीएओ नव्याने उभा राहिला आणि खालच्या लीगमध्ये खेळला तो तुटक रेषेने जोडलाय, कारण नाव आणि वारसा त्यांनी जाहीरपणे उचललाय, पण मधली चोपन्न वर्षं भरून काढता येत नाहीत. यावर वाद घाला, मला हवाच आहे.

तर उपाय. नावाला ओळख मानणं बंद. प्रत्येक क्लबला एक नंबर, आणि नावांचं वेगळं टेबल ज्यात नाव, पासून, पर्यंत. सीएओचा नंबर एकच राहतो आणि त्याखाली नावं येतात: 1910 ला नॉज्वारॉदी एसी (एनएसी), पहिल्या महायुद्धानंतर गाव हंगेरीतून रोमानियात गेल्यावर क्लुबुल आत्लेतिक ओरादेआ, 1940 ला गाव हंगेरीकडे गेल्यावर परत एनएसी, 1945 ला लिबर्तातेआ, 1948 ला आयसीओ, 1951 ला प्रोग्रेसुल, 1958 ला सीएस ओरादेआ, 1961 ला क्रिशाना. लिहिताना सोपं वाटतं, पण लूकअपला आता नाव आणि सीझन दोन्ही द्यावं लागतं, आणि इथेच सीझनचा कॉलम फुटला, कारण 1950 ते 1956 रोमानियात सोव्हिएत पद्धतीने कॅलेंडर वर्षात लीग खेळायचे. म्हणजे 1948-49 नंतर थेट ‘1950’, आणि पुढे 1957-58 ला जुनी पद्धत परत. मी आता सीझन टेक्स्टमध्ये ठेवतच नाही, सुरू वर्ष आणि संपलं वर्ष असे दोन आकडे. 1950 साठी दोन्हीत 1950. चालतंय एकदम मस्त.

एक मत देतो, भांडू नका: असल्या कामाला ऑनलाइन शीट्स बऱ्या, पण ओळी वाढल्या की रडतात. लिब्रेऑफिस फुकट आहे आणि डायक्रिटिक्सना (अक्षरांच्या वर-खाली असणाऱ्या खुणांना) नीट सांभाळतं, सीएसव्ही फाइल उघडताना यूटीएफ-8 ही अक्षरपद्धत निवडायला तेवढं विसरू नका. आणि स्कॅन केलेले पेपर शोधायला एका पेड अर्काइव्हचं सबस्क्रिप्शन घेतलं होतं ते बंद केलं, त्यांचं ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) हंगेरियन लांब स्वर खातं, आडनाव शोधलं तर सापडतच नाही, तारीख टाकून पान डोळ्याने चाळणं जास्त वेगात होतं.

नवी रचना लागल्यावर पहिली क्वेरी टाकली ती ‘दोन देशांची विजेतेपदं’. उत्तर आलं, नंबर एकच, 1943-44 हंगेरी (एनएसी म्हणून) आणि 1948-49 रोमानिया (आयसीओ म्हणून). हे माहीत होतं, त्यासाठीच तर हा क्लब घेतला, पण स्वतः बांधलेल्या टेबलातून ते बाहेर आलेलं बघणं काही वेगळंच. 44 चं विजेतेपद म्हणजे बुडापेस्टबाहेरच्या क्लबने पहिल्यांदा हंगेरियन लीग जिंकली! बुडापेस्टचे फेरेन्त्सवारोश, उयपेश्त सगळे मागे. आणि रोमानियाच्या बाजूने बघा, युद्धानंतरची पहिली चार विजेतेपदं पश्चिम सीमेवरच्या दोन गावांकडे, आराद 1947, आराद 1948, ओरादेआ 1949, आराद 1950. बुखारेस्टवाल्यांना आर्मीचा आणि पोलिसांचा क्लब वर येईपर्यंत थांबावं लागलं. 49 चा टॉप स्कोअरर वात्सी हा आपलाच. वर 1956 चा रोमानियन कप, फायनलमध्ये कुम्पिया तुर्झीला 2-0, प्रोग्रेसुल नावाने.

खेळाडूंचं टेबलही आता याच पद्धतीने करावं लागणार हे लिहिता लिहिताच लक्षात येतंय. यूलियू बोदोला आणि बोदोला ज्यूला एकच माणूस, रोमानियासाठी 48 मॅच 30 गोल, गेओर्गे हाजीने मोडेपर्यंत तोच रेकॉर्ड, आणि 1940 नंतर एनएसीकडून खेळताना हंगेरीच्या टीममध्येही. श्पीलमान रोमानियाकडून खेळला आणि हंगेरीकडून ‘शारवारी’ म्हणून, तिथे तर आडनावच बदललं, कुठलाही लूकअप पकडणार नाही. त्यांनाही नंबर द्यायचे. आधी स्टेडियमवर काम करणार होतो, ते पुढे ढकललं.

आणि अजून एक कॉलम येतोय, ‘गाव’. 1943-44 ची ओळ भरताना बाजूला तारखा लिहीत होतो, 1940 चा व्हिएन्ना निवाडा (ज्याने ओरादेआ हंगेरीला मिळालं), मार्च 1944 मध्ये जर्मन सैन्य हंगेरीत, आणि मग मे-जूनमध्ये ओरादेआचे ज्यू गेटोतून (त्यांना कोंडलेल्या वस्तीतून) आउशवित्झच्या छळछावणीत. बुडापेस्ट सोडलं तर हंगेरीतला सगळ्यात मोठा गेटो याच गावात होता. विजेतेपदाच्या सीझनचं वसंतातलं सत्र चालू असताना. नुसतं ‘1. एनएसी’ लिहून ती ओळ पूर्ण होत नाही, या क्लबला पाहायला येणारं गाव त्या उन्हाळ्यानंतर तेच राहिलं नव्हतं. त्यामुळे आता प्रत्येक सीझनसमोर गावात काय झालं ते एका वाक्यात, सीमा बदलल्या तर तेही.

हे जमलं की पुढचा नंबर क्लुज शहराच्या क्लबचा, कोलोझ्सवारी एसी, 1944 ला हंगेरियन लीगमध्ये तिसरे आणि कप फायनलला, म्हणजे त्या एका सीझनमध्ये ट्रान्सिल्व्हेनियाचे दोन क्लब पहिल्या तिघांत. तोवर कुणाकडे 1962-63 च्या क्रिशानाचे आणि 1963-64 च्या क्रिशुलचे लाइनअप असतील तर पाठवा. किती खेळाडू इकडून तिकडे गेले ते मोजायचंय, निम्म्याहून जास्त निघाले तर तुटलेली पट्टी मी परत जोडेन.