डाव्या हाताचे काम

माझ्या उजव्या गालावर, कानाच्या पाळीखाली दोन बोटांवर, अर्ध्या इंचाची एक बारीक आडवी रेघ आहे. निवृत्त होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हाची ती आहे आणि ती ओढणारा हात माझाच आहे. बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात मी ३२ वर्षे सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे लोखंडाचा पृष्ठभाग घासून सपाट करणाऱ्या यंत्रावर काढली, हायड्रॉलिक पंपाच्या सुट्या भागांवरून मायक्रॉनच्या हिशेबात लोखंड उतरवले आणि हाताखालच्या पोरांना धार, कोन, घासणी यांवर पुष्कळ व्याख्याने दिली. त्यामुळे घर रंगवायला काढले तेव्हा माळ्यावरच्या पेटीत आजोबांचा वस्तरा सापडला, तर त्याच्याबाबतीत आपल्याला कोणाकडून काही शिकायचे शिल्लक आहे, असे माझ्या मनातही आले नाही.

वस्तरा मात्र देखणा आहे. पात्याच्या मुळाशी ‘सोलिंगन’ ही अक्षरे अर्धी झिजलेली का होईना, पण वाचता येतात. सोलिंगन हे जर्मनीतले पात्यांचे गाव. त्याचे नाव इतरांनी आपल्या मालावर छापू नये म्हणून तिथे १९३८ साली कायदा झाला, इतकी त्या नावाची किंमत. पात्याची रुंदी इंचाच्या अष्टमांशात मोजायची रीत आहे आणि आमचे पाते ५/८ चे, म्हणजे जवळपास १६ मिलिमीटरचे आहे. पाठ जाड आणि तिच्यापासून धारेपर्यंत दोन्ही बाजू आत खोलगट तासलेल्या, इतक्या की नखाने हळूच टिचकी मारली तर पाते बारीक किणकिणते. आजोबांचे हातमाग बेळगावातल्याच शहापुरात होते. मागावर बसायच्या आधी, पहाटे, ते मागच्या अंगणात याच वस्तऱ्याने दाढी करत. तो त्यांनी इंग्रजांच्या वेळी कँपातल्या बाजारातून घेतला, असे घरात सांगतात. किंमत विचारली की प्रत्येकजण वेगळा आकडा सांगतो.

पेटीतून निघाला तेव्हा त्याच्यावर तांबूस ठिपके धरले होते. हे पाते कार्बनच्या पोलादाचे, स्टेनलेस नव्हे, आणि आमच्याकडचा पाऊस तर कपाटातल्या पुस्तकांनाही बुरशी आणणारा. जूनच्या मध्यापासून गणपती उठेपर्यंत असे पाते पुसून, सुकवून, वर तेलाचे बोट फिरवून ठेवले नाही, तर दोन दिवसांत त्याच्यावर गंज बसतो. धारेपर्यंत गंज पोचला की तिथे डोळ्याला न दिसणारा खड्डा पडतो आणि तो गालाला बरोबर कळतो. माझ्या नशिबाने ठिपके पाठीकडेच थांबले होते.

धार लावण्याचे काम मी चार दिवस चवीने केले, हे कबूल केले पाहिजे. कारखान्यात आमचे घासायचे चाक ४६ किंवा ६० ग्रिटचे (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितके कण बारीक), थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या धारेखाली गरगरणारे; इथे दगड १००० चा, मग ४००० चा, शेवटी ८००० चा, आणि कूलंट म्हणून नळाचे पाणी. वस्तऱ्याची खरी चतुराई मला तिथे दिसली. चाकूला धार लावताना कोन हाताने धरावा लागतो आणि तो प्रत्येक वेळी थोडा चुकतो. वस्तरा मात्र दगडावर सपाट निजवायचा, पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवून. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळूनच कोन ठरतो, साधारण १६–१७ अंशांचा, आणि वर्षानुवर्षे घासून धार झिजली तरी पाठही तिच्याबरोबर झिजत असल्याने कोन फारसा ढळत नाही. कोन धरून ठेवायला जिग नाही, फिक्स्चर नाही, कसलाच साचा नाही. हत्यार स्वतःच स्वतःचे जिग. ज्याने हे पहिल्यांदा केले, त्याला आमच्या डिझाइन विभागात नेऊन बसवावे, असे मला वाटले. चौथ्या दिवशी डोक्यावरचा एक केस उपटून धारेला लावला आणि तो आवाज न करता दोन झाला.

पट्टा अथणीकडचा. वस्तऱ्याला दगड वर्षा-सहा महिन्यांतून लागतो, पण चामड्याचा पट्टा रोज लागतो, कारण एका दाढीत धारेची अतिसूक्ष्म कड इकडेतिकडे वळते आणि ती पट्ट्यावर सरळ होते. दुकानात मिळणारे पट्टे मला पातळ वाटले. अथणी तालुक्यात चपला करणाऱ्या एका कारागिराकडून म्हशीच्या कातड्याची, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेली, अडीच बोटे रुंद पट्टी आणली. जगभर जिला कोल्हापुरी म्हणतात, ती चप्पल आमच्या जिल्ह्यातही होते आणि २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. दोन्ही राज्यांचे ज्यावर एकमत झाले, अशी गोष्ट आमच्या भागात विरळाच, म्हणून तिचा मुद्दाम उल्लेख केला. तर पट्ट्यावर वस्तरा पाठ पुढे आणि धार मागे अशा रीतीने ओढायचा आणि टोकाला पोचल्यावर पाठीवरच कूस बदलून परत आणायचा. मी पहिल्याच दिवशी घाईत धारेवर कूस बदलली आणि त्या सुंदर कातड्यात तिरपी खाच पाडली. ती अजून आहे. पुढे आलेल्या गोष्टीची ती सूचना होती, पण आम्ही ग्राइंडरवाले.

मग तो दिवस उजाडला. गरम पाण्याने तोंड धुतले, ब्रशने साबण चांगला फेसला, दोन-तीन मिनिटे गालावर मुरू दिला. ओला केस फुगून मऊ होतो आणि कोरड्या केसापेक्षा कितीतरी कमी जोरात कापला जातो. बिनपाण्याने हजामत करणे हा वाक्प्रचार ज्याने रूढ केला, त्याने तो नुसता ऐकून केलेला नसावा. वस्तरा त्वचेशी ३० अंशांच्या आसपास धरला, कानापासून खाली ओढला आणि पहिल्या दोन बोटांपर्यंत सगळे इतके छान झाले की आरशात पाहून मी थोडा हसलो असेन. तिथेच गालाचे कातडे पात्याखाली गोळा झाले, वस्तरा अडला, हाताने जोर दिला आणि पाते खाली जायच्या ऐवजी बाजूला सरकले. वस्तरा उभा ओढला तर केस कापतो, आडवा सरकला तर माणूस कापतो. आधी काहीच जाणवले नाही. मग फेसात लाल रेघ उमटली.

पुढचे आठ-दहा दिवस मी दोष धारेत शोधला. पुन्हा ८००० च्या दगडावर गेलो, भिंग लावून पाहिले, पुन्हा केस कापून पाहिला. धार निर्दोष होती आणि गालावर रोज एक नवी ओरखड होती. एके दिवशी जेवताना अचानक मशीन डोळ्यांपुढे आले. सरफेस ग्राइंडरवर चाक फिरते, शिंतोडे उडतात, सगळ्यांचे लक्ष चाकाकडे असते. पण त्याच्या खाली मॅग्नेटिक चक असते, ज्याने जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, असा घट्ट धरलेला असतो की तो केसभर हलत नाही. चक ढिला असेल तर जगातले उत्तमात उत्तम चाकही जॉब फेकून देते. हे मी स्वतः पोरांना शेकडो वेळा सांगितले होते. गालावर चक कुठे होता? माझा डावा हात त्या वेळी बेसिनच्या कडेवर आरामात विसावला होता.

वस्तऱ्याची दाढी उजवा हात करतो असे दिसते, पण ती डावा हात करतो. उजव्या गालासाठी तो डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि कानशिलापाशी कातडे वर ताणायचे. डाव्या गालाला तोच हात कानामागे जातो. हनुवटीवर खालचा ओठ दातांवर आत ओढून घ्यायचा, म्हणजे तिथला खळगा सपाट होतो. मिशीच्या जागी नाकाचा शेंडा किंचित वर धरायचा. गळ्यावर मान मागे टाकून कातडे खाली, गळपट्टीच्या हाडाकडे ओढायचे, कारण गळ्याचे कातडे सगळ्यांत लबाड. ते पात्याबरोबर चालू लागते. शिवाय गळ्यावरचे केस निम्मे खाली आणि निम्मे तिरपे वाढतात, तेव्हा ओढायची दिशाही दर दोन बोटांवर बदलते. वस्तरा जेमतेम दोन-अडीच इंच चालतो, थांबतो, आणि डावा हात पुढच्या जागी जाऊन आधी बसतो. पाते त्याच्या मागून येते. आपण मराठीत सोप्या कामाला डाव्या हाताचा मळ का म्हणतो, ते मला आता उमगेनासे झाले आहे.

आणि हे कळल्यावर सेफ्टी रेझरने नेमके काय केले, तेही कळले. किंग जिलेट याला त्याच्या रेझरचे अमेरिकन पेटंट १९०४ साली मिळाले. लोक त्यात बदलता येणारे पाते पाहतात. मला त्यात पात्याच्या खालची ती दांडी दिसते, जी कोन ठरवते आणि कातडे पुढून दाबून सपाट करते. म्हणजे डाव्या हाताचे अर्धे काम तिने उचलले. हल्लीच्या तीन आणि पाच पात्यांच्या रेझरना खाली रबराच्या बारीक पट्ट्या असतात, त्या कातडे ताणतात, आणि उरलेले अर्धेही गेले. पुण्याला नोकरी करणारा माझा मुलगा सणाला येतो तेव्हा डाव्या हातात मोबाइल धरून तीन मिनिटांत दाढी उरकतो आणि त्याच्या गालावर एकही रेघ नसते. त्यात वाईट काही नाही. पण मोबाइल धरायला हात मोकळा कुठून झाला, हे एकदा त्याला सांगून पाहिले, तेव्हा त्याने ‘हो का’ म्हटले.

एवढे उमगूनही माझा डावा हात सुधारायला तयार नव्हता. बोट कातड्यावर टेकवले की घसरायचे. शेवटी लाज सोडून शहापुरात अण्णांच्या दुकानात गेलो. अण्णा आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. माझी पहिली दाढी त्यांनीच केली होती, आणि आजोबा स्वतःची दाढी स्वतः करत असले तरी वस्तरा महिन्यातून एकदा त्यांच्याकडे धाडत. त्यांच्या घरी कन्नड, दुकानात मराठी. पट्ट्यावर वस्तरा फिरवताना ते ‘ओंदु, एरडु, मूरु’ असे पुटपुटत मोजायचे आणि मागल्या गल्लीतल्या मागांची खटखट त्या मोजण्यात मिसळायची. १ नोव्हेंबर जवळ आला, की एकीकडे राज्योत्सवाची तयारी आणि दुसरीकडे काळ्या दिनाची, दुकानातही वाद पेटत. अण्णा कोणाची बाजू घेत नसत. जो खुर्चीवर असेल त्याच्या ओठांपर्यंत फेस चढवत, म्हणजे वादातला एक पक्ष आपोआप गप्प होई, आणि वस्तरा गळ्याशी असताना त्याची तक्रारही नसे.

खरा वस्तरा त्यांनी केव्हाच धोकटीत बंद केला आहे. नव्वदच्या दशकात एड्सची धास्ती पसरली आणि एकच पाते अनेकांच्या गालावर फिरवणे बंद झाले, ते योग्यच झाले. आता ते कागदाच्या पुडीतले ब्लेड कागदासकट वाकवून मधोमध मोडतात, अर्धे दांडीत सरकवतात आणि गिऱ्हाईक उठले की टाकून देतात.

“हे कोण कापलं?” त्यांनी गालावरच्या रेघेवर बोट ठेवले.

“मीच.”

“आजोबाच्या वस्तऱ्यानं?” ते हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. “बस. हालू नको बघ.”

मी डोळे मिटले आणि या वेळी पात्याकडे लक्ष न देता त्यांच्या डाव्या हाताकडे दिले. अंगठा कानाच्या वर टेकला, कातडे वर गेले आणि तिथेच राहिले. ओल्या, साबण लागलेल्या गालावर तो अंगठा खुंटी मारल्यासारखा ठाम होता. तो कोरडा होता, किंचित खरखरीत, आणि त्याला एक ओळखीचा तुरट वास होता.

“अण्णा, अंगठ्याला तुरटी लावता काय?”

“मग? बुळबुळीत गालावर नुसता अंगठा ठरतोय काय?”

“तुरटी रक्त थांबवायला असते ना?”

“रक्त आल्यावर लावतात ते शिकाऊ,” अण्णा म्हणाले आणि फेस माझ्या ओठांपर्यंत चढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुरटीचा खडा बेसिनच्या उजव्या कडेवरून उचलून डाव्या कडेवर ठेवला. अंगठा त्याच्यावर दोनदा घासला, हात डोक्यावरून पलीकडे नेला आणि कानशिलापाशी टेकवला. घसरला नाही.