झाडाचा जीव कुठं असतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सोलापुरात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला परीक्षेतल्यापेक्षा बागेतले प्रश्न जास्त येतात. त्यातला एक तर वेगवेगळ्या तोंडून पुन्हा पुन्हा येतो: झाडाचा जीव नेमका कुठं असतो? सालीत, लाकडात की मुळात? सांगोल्याकडचे डाळिंबवाले विचारतात, वर्गातली मुलं विचारतात, आणि दारातली जुनी चिंच आतून पोकळ निघाली की शेजारीही विचारतात.

मोठ्या झाडाचा बराचसा भाग जिवंत नसतोच. खोड म्हणजे मुख्यतः लाकूड, आणि लाकडातल्या बहुतेक पेशी मेलेल्या. जीव असतो तो सालीच्या आतल्या अंगाला असलेल्या पातळ थरांत, पानांत, कळ्यांत, मुळांच्या आणि फांद्यांच्या शेंड्यांत. लाकडातही मेलेल्या पेशींच्या मधून काही जिवंत पेशींच्या ओळी जातात. पण मेलेल्या पेशी झाडाला ओझं नसतात. काही पेशींचं खरं काम त्या मेल्यावरच सुरू होतं. इतकी वर्षं शिकवूनही याचं नवल माझ्या मनातून ओसरलेलं नाही.

पटत नसेल तर पावसाळ्यात डाळिंबाची गुटी, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून करायचं कलम, बांधतात ती बघा. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची दोन-अडीच सेंटिमीटर साल गोल काढतात. उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर खरवडतात. वरच्या काठाला मुळं फुटायचं संजीवक लावतात आणि ओलं मॉस गुंडाळून प्लॅस्टिकनं घट्ट बांधतात. चारी बाजूंनी साल गेलेली ही फांदी सुकायला हवी, पण तिची पानं हिरवीगार राहतात. कारण मुळांकडून येणारं पाणी सालीतून चढतच नाही. ते लाकडातल्या जलवाहिन्यांमधून चढतं आणि लाकडाला आपण हात लावलेला नसतो. पानांत तयार झालेली साखर मात्र सालीतल्या रसवाहिन्यांमधून खाली उतरते. तिची वाट आपण तोडलेली असते. साखर वरच्या काठाशी अडते, साठते, आणि तिथल्याच जिवंत पेशी आपलं जुनं काम सोडून मुळं तयार करायला लागतात. म्हणून गुटीची मुळं वरच्या काठाला फुटतात, खालच्या नाही.

तो बुळबुळीत थर का खरवडायचा, हे पुष्कळांना कुणी सांगितलेलं नसतं. तो कॅम्बियम, म्हणजे खोड जाड करणारी विभाजी ऊती. तिच्या पेशी सतत विभागत राहतात: आतल्या बाजूला नवं लाकूड, बाहेरच्या बाजूला नव्या रसवाहिन्या. हा थर राहिला तर जखम सांधली जाते, साखरेची वाट पुन्हा मोकळी होते आणि मुळं फुटत नाहीत. झाडाचा जीव बोट ठेवून दाखवा असं कुणी म्हणालं, तर मी या थरावर बोट ठेवीन.

आता त्या जलवाहिन्या. कॅम्बियमपासून निघालेली पेशी आधी जिवंतच असते. ती लांब होते, आपल्या भिंतींवर लिग्निनचा कठीण थर चढवते, टोकाच्या भिंती विरघळवते आणि मग स्वतःच आतून पचून जाते. केंद्रक नाही, पेशीद्रव्य नाही, राहते ती पोकळ नळी. अशा नळ्या टोकाला टोक लागून मुळापासून पानापर्यंत पोचतात. पानांच्या रंध्रांतून पाणी उडून जातं तसा नळ्यांतल्या पाण्याच्या सलग धारेला वरून ओढ बसते. ही ओढ एवढी असते की मऊ भिंतीची पेशी आत दबून मिटली असती. लिग्निन तिला उघडं ठेवतं, आणि आत पेशीद्रव्य नसल्यामुळे पाण्याला वाट मिळते.

रसवाहिनीतली चाळणी नलिका याहून वेगळी. ती जिवंत राहते, पण रस वाहायला जागा व्हावी म्हणून केंद्रक सोडून देते. मग तिला सांभाळते शेजारची सहपेशी. दोघी एकाच पेशीच्या विभाजनातून जन्मलेल्या असतात.

डाळिंबावर मर रोग आला की हे ज्ञान उपयोगी पडतं. बुरशी मुळांतून शिरून जलवाहिन्यांपर्यंत पोचते. ठिबकच्या नळीत क्षार साचावेत तशा त्या बंद होत जातात. खोड आडवं कापलं तर लाकडात तपकिरी-काळसर डाग दिसतात. माती ओली, तरी झाड वरून पिवळं पडतं, सुकतं. शेतकऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, आणि तो पाणी वाढवतो. अहो, पाणी मुळाशी आहेच, वर जायची वाट बंद झाली आहे. उलट जास्त ओलाव्यानं रोगाला मदतच होते. अशा वेळी आधी एक सुकलेलं झाड कापून लाकूड बघा आणि मगच पाण्याला हात लावा. शहरालगत केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, नमुना घेऊन तिथं जा.

पोकळ चिंचेचंही तसंच. खोडाच्या मध्यातलं जुनं, गडद लाकूड पाणी वाहायचं थांबलेलं असतं आणि त्यात जिवंत पेशी उरलेल्या नसतात. ते कुजलं तरी भोवतालचं नवं लाकूड, कॅम्बियम आणि साल शाबूत असेल, तर झाड पालवतं आणि चिंचाही देतं. आधार कमी झालेला असतो, त्यामुळे ते रस्त्यावर झुकलं असेल तर जरूर दाखवून घ्या. पण ‘आतून मेलंय’ एवढ्याच कारणानं तोडू नका. मला काळजी वाटते ती वेगळ्याच झाडांची. पाट्या बांधायला रस्त्याकडेच्या कडुनिंबांना तारा आवळतात. खोड जाड होतं, तार सालीत रुतते आणि रसवाहिन्या दाबल्या जातात. वर पानं हिरवी दिसत राहतात, खाली मुळं उपाशी पडत जातात. हा जाच दिसायला वर्षं जातात. तार दिसली की काढा.

धाग्यांबद्दल थोडक्यात. पाण्यात कुजवून अंबाडीचा वाख काढतात, तेव्हा मऊ पेशी कुजून जातात आणि दृढ ऊतीचे मेलेले, जाड भिंतींचे तंतू उरतात. कापूस मात्र दृढ ऊती नव्हे. तो सरकीच्या सालीवरच्या पेशींतून निघतो, आणि दोन-तीन सेंटिमीटरचा एक तंतू म्हणजे एकच पेशी! बोंड उमललं की ती वाळते, चपटी होते, तिला पीळ पडतात. त्या पिळांमुळे तंतू एकमेकांना धरतात आणि सूत निघतं. आपली सोलापुरी चादर अशा पेशींच्या भिंतींचीच विणलेली आहे.

ज्वारीला हा सालीचा हिशेब लागू पडत नाही. तिच्या ताटात जलवाहिन्या-रसवाहिन्यांचे जुडगे सगळीकडे विखुरलेले असतात, कॅम्बियम नसतं आणि साल वेगळी निघत नाही. ताट वाढतं ते पेरांच्या तळाशी असलेल्या विभाजी ऊतीमुळे. पण दाण्यातला जीव मी मुलांना आवर्जून दाखवते. हुरड्याच्या दिवसांत दाण्याच्या पिठूळ भागातल्या पेशी जिवंत असतात, त्यांत पिष्ट भरण्याचं काम चालू असतं. दाणा पिकत जातो तशा त्या मरतात आणि पिष्ट तिथंच राहतं. तीच आपली भाकरी. पिकल्या दाण्यात जिवंत राहतो तो अंकुर आणि पिठाभोवतीचा एक पातळ थर. पेरल्यावर दाण्यातल्या जिवंत भागांतून विकरं (एंझाइम) सुटतात, ती मेलेल्या पेशींतलं पिष्ट साखरेत बदलतात आणि त्यावर अंकुर पोसला जातो. किडीनं अंकुर खाल्ला असेल, तर दाणा कितीही टपोरा असो, उगवणार नाही.

म्हणून रब्बीचं घरचं बियाणं असेल तर पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, गोणपाट वाळू देऊ नका आणि आठ-दहा दिवसांनी मोजा. ज्वारीच्या प्रमाणित बियाण्याला किमान 75 टक्के उगवण लागते. त्याहून कमी निघाली आणि बियाण्याला औषध लावलेलं नसेल, तर ते दळायला द्या आणि पेरायला दुसरं आणा.