मार्क्वेट: लोखंडाचं बंदर आणि शार्लटचा खटला

मार्क्वेटच्या फ्रंट स्ट्रीटवरून पाण्याकडे उतरलं की आधी नजरेत भरतो तो जुना ओअर डॉक, म्हणजे खनिज जहाजात भरायचा धक्का. सुपीरियर सरोवरात सरळ घुसलेला, काँक्रीट आणि पोलादाचा, सात-आठ मजली उंच आणि किनाऱ्यापासून तुटलेला हा धक्का. एके काळी खनिजाच्या मालगाड्या गावाच्या डोक्यावरून, उंच पुलावरून थेट त्याच्या माथ्यावर जात. तो पूल पुढे काढून टाकला, धक्का तेवढा राहिला. १९३२ मध्ये बांधून झालेला हा धक्का १९७१ पासून बंद आहे.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तर भागात अप्पर पेनिन्सुला नावाचा जंगलांचा पट्टा आहे. त्यातलं हे जेमतेम वीस हजार वस्तीचं शहर. भाचा आणि त्याची बायको डेट्रॉइटजवळ राहतात. सुट्टीत कुठे जाऊया असं दोघांनी विचारलं तेव्हा मी मार्क्वेटचंच नाव घेतलं. माझं माहेर डिचोलीचं. खनिजाचे ट्रक, झाडांच्या पानांवर बसलेली लाल धूळ, मांडवीतून मुरगावकडे निघालेली बार्ज हे बघतच मी वाढले. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, तेव्हा ट्रकवाल्यांचे हप्ते, गॅरेजं, चहाची दुकानं सगळंच कसं अडकलं तेही जवळून पाहिलं. लोखंडावर उभ्या राहिलेल्या दुसऱ्या एखाद्या गावाचं पुढे काय झालं, हे मला बघायचं होतं.

डेट्रॉइटहून इथवर दिवसभराचा रस्ता आहे. वाटेत मॅकिनॉचा आठ किलोमीटरचा झुलता पूल लागतो. तो ओलांडला की पाईन आणि बर्चचं जंगल सुरू होतं आणि ते संपतच नाही. मग एका वळणावर एकदम सरोवर दिसतं. सरोवर म्हणायचं खरं, पण पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा फुटतात, वाळू आहे. क्षेत्रफळ ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून मोठं, आणि खोली ४०६ मीटरपर्यंत. मात्र हवेला खारा वास नाही. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला ते फार चमत्कारिक वाटतं. भर उन्हाळ्यात पाण्यात पाय घातला, तर घोट्यांना कळ आली.

खनिज इथून वीसेक किलोमीटर आत, निगॉनी आणि इश्पेमिंग या गावांच्या डोंगरात आहे. ती जागा सरोवरापेक्षा अडीचशे मीटर उंच. सगळ्या व्यवस्थेचं मर्म या उतारातच आहे. सुरुवातीला हिवाळ्यात बर्फावरून घसरगाड्यांनी माल आणत, मग खेचरं आली आणि १८५७ मध्ये रेल्वे. तरी किनाऱ्यावर आलेला माल पुढे जायचा कसा? सुपीरियर आणि खालच्या सरोवरांच्या मध्ये सू सेंट मेरीचा साडेसहा मीटर खाली उतरणारा खळाळता, खडकाळ प्रवाह आडवा येतो. तिथे माल उतरवून, जमिनीवरून वाहून, पलीकडे पुन्हा गलबतात भरावा लागे. १८५५ मध्ये सूचा जलपाश (पाण्याची पातळी वरखाली करून जहाजं चढवणारी-उतरवणारी दारांची कोठी) उघडला आणि त्याच उन्हाळ्यात मार्क्वेटचं खनिज पहिल्यांदाच न उतरवता थेट खाली गेलं.

चालू धक्का गावाच्या उत्तरेला, प्रेस्क आईल नावाच्या भूशिराजवळ आहे. १९१२ मधला. जहाजांच्या वेळा इंटरनेटवर कळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने फोन बघून सांगितलं, "मावशी, आज बोट लागणार आहे. चहा नंतर पिऊ." तिथे काय घडतं ते मी डोळे भरून पाहिलं. धक्क्याची लांबी सुमारे ३८० मीटर. मालगाडी माथ्यावर येते, वाघिणींचे तळ उघडतात आणि माल धक्क्याच्या पोटातल्या कप्प्यांत पडतो. असे दोनशे कप्पे, प्रत्येकात अडीचशे टन. जहाज बाजूला लागलं की कप्प्यांपुढचे लांबलचक पन्हळ एकेक करून खाली सोडतात आणि माल धबाधबा जहाजाच्या पोटात उतरतो. माल ओतायला पंप नाही, पट्टा नाही. डोंगरात मिळालेली उंची तळापर्यंत जपून आणायची आणि शेवटच्या क्षणी खर्च करायची! आमच्याकडे बार्जमधून मोठ्या जहाजात माल चढवायला केवढा खटाटोप असे ते आठवलं, आणि या धक्क्याच्या आराखड्याबद्दल मनात आदर दाटून आला.

इथे आता कच्चं खनिज येत नाही. टिल्डन ही या भागातली उरलेली चालू खाण, उघड्यावरची. शेजारची एम्पायर २०१६ मध्ये थांबली. हलक्या प्रतीचा दगड दळायचा, त्यातलं लोखंड वेगळं करायचं, त्याच्या गोळ्या वळून भाजायच्या आणि त्या पाठवायच्या. गोट्यांएवढ्या, राखाडी-तांबूस. त्या पन्हळातून पडताना जो आवाज होतो, तो छातीत जाणवतो. भाचा मोटारींच्या कारखान्यात डिझाईनचं काम करतो. रोज हाताळतो त्या पत्र्याचा जन्म त्याने इथे पहिल्यांदा पाहिला. बराच वेळ तो काही बोललाच नाही.

दुपारी पेस्टी खाल्ली. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातून आलेल्या खाणकामगारांनी हा पदार्थ आणला, आणि त्यांच्यामागून आलेल्या फिनिश लोकांनी तो आपला म्हणून उचलला. आपल्या करंजीच्या आकाराची, पण तळहाताहून मोठी, भाजलेली. आत गोमांस, बटाटा, कांदा आणि रुटाबागा नावाचा सलगमासारखा कंद. भाचेसून मांस खात नाही, तिला भाज्यांची मिळाली. जमिनीखाली जेवणारा माणूस कोरडं, पोटभरीचं आणि एका हातात मावेल असं काय नेईल, त्याचं हे उत्तर आहे.

निगॉनीला मात्र सावकाश जावं. १८४४ च्या सप्टेंबरात विल्यम बर्ट हा सरकारी मोजणीदार टील लेकच्या आसपास सीमा आखत होता. एकाएकी होकायंत्राची सुई भरकटली. बर्टने स्वतःच सूर्यावर चालणारं होकायंत्र शोधून काढलं होतं. त्याला चुंबकाची गरज नसल्याने त्याची मोजणी बिघडली नाही, आणि सुई का भरकटते तेही उघड झालं. मोजणीवाल्यांनी आजूबाजूला शोधलं, तर लोखंडाचे दगड. पुढच्या वर्षी जॅक्सन या खाण कंपनीची माणसं आली. त्यांना खनिजाच्या जागेपर्यंत नेलं मार्जी-गेसिक या ओजिब्वे, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या, प्रमुखाने.

त्याच्या मोबदल्यात कंपनीने १८४६ मध्ये त्याला लेखी दिलं: खाणीच्या ३१०० हिश्श्यांपैकी १२ तुझे. खाण चालली, बंदर वाढलं. मार्जी-गेसिकला काही मिळालं नाही. तो वारला. त्याची मुलगी शार्लट कबॉगम हिने तो कागद पुढे करून दावा लावला. आई-वडिलांचं लग्न ओजिब्वे रीतीचं, वडिलांना एकाहून अधिक बायका, म्हणून ही मुलगी कायदेशीर वारसच नाही, हा तिच्याविरुद्धचा मोठा मुद्दा होता. १८८९ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने शार्लटच्या बाजूने निकाल दिला. ओजिब्वेंचं लग्न त्यांच्याच रीतीने तपासायचं, आपल्या कायद्याने नाही, असं न्यायालयाने मानलं. ज्यांच्या जमिनीतून खनिज निघतं त्यांचा त्यावर हक्क किती, हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले आहे. कोणीतरी ४०-४५ वर्षं एक कागद जपून ठेवला आणि एका बाईने तो न्यायालयात टिकवला, ही गोष्ट मला मार्क्वेटमधल्या कोणत्याही धक्क्यापेक्षा मोठी वाटते. शार्लट आणि तिचा नवरा चार्ल्स यांची समाधी प्रेस्क आईलवर आहे. जहाजं बघायला येणाऱ्यांनी चार पावलं जास्त चालून तिथे जावं.

निगॉनीत जुन्या वस्तीचा एक भाग खाणीने पोखरून काढला. खालची जमीन खचू लागली तशी घरं हलवावी लागली. आता तिथे झाडी वाढली आहे. मधूनच एखाद्या नाहीशा झालेल्या घराच्या पायऱ्या सापडतात. इश्पेमिंगजवळच्या बार्न्स-हेकर खाणीत ३ नोव्हेंबर १९२६ रोजी वरच्या दलदलीचं पाणी फुटून आत शिरलं आणि ५१ माणसं गेली. एकटाच कामगार शिडीने चढून वाचला. बहुतेकांचे देह आजही आतच आहेत. खाण बुजवून टाकली. तिथून आल्यावर गावातल्या लाल वालुकाश्माच्या देखण्या इमारती बघताना ही माणसं मनातून जात नाहीत, आणि जाऊही नयेत.

कोणी जाणार असेल तर माझा आग्रह आहे: आधी निगॉनीचं लोखंड उद्योगाचं संग्रहालय बघा, मग खनिज ज्या वाटेने उतरलं त्या वाटेने खाली या. जुन्या रेल्वेच्या मार्गावर ७५ किलोमीटरची पायवाट केली आहे. तिचा एखादा तुकडा सायकलने सहज होतो. जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या अखेरीपर्यंत सूचा जलपाश बंद असतो, तेव्हा जहाजं दिसणार नाहीत. जून ते सप्टेंबर उत्तम. गरम कपडे तरीही घ्या.