शिफारसपत्र मागायला येताना सोबत काय आणावं

वाशीला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे दिवाळी जवळ आली की 'मॅडम, एलओआर (म्हणजे शिफारसपत्र) हवं होतं' ठरलेलं. आधी एक गोंधळ मिटवते. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीला शिफारसपत्र लागत नाही. तिथे उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, गुणपत्रिका अशा कागदांवर काम होतं. पत्र मागतात ती परदेशातली कॉलेजं आणि काही खासगी ट्रस्ट. त्यांना ऑफिसातलं 'वर्तणूक चांगली' छापाचं बोनाफाईड दिलं तर वाया गेलं समजा.

अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून करायचा कॉमन अ‍ॅपचा ऑनलाइन अर्ज १ ऑगस्टला उघडतो. अर्ली, म्हणजे लवकरच्या फेरीतल्या, अर्जाची मुदत बऱ्याच कॉलेजांची १ नोव्हेंबर, म्हणजे आमची सहामाही, पेपर तपासणी आणि सुट्टी यांच्या ऐन मध्ये. म्हणून सप्टेंबरच्या सुरुवातीलाच विचारा. अर्जात आधी कॉलेज जोडायचं, मग फेरपाचा (विद्यार्थ्याच्या नोंदी कोणी पाहायच्या याचा अमेरिकी कायदा) भाग भरायचा. तो राहिला तर शिक्षकांना आमंत्रणच जात नाही. पत्र पुढे वाचण्याचा हक्क तिथे सोडून द्यावा, नाहीतर शिक्षक मोकळेपणाने लिहितील का, अशी शंका येते. कॉलेजच्या वतीने भरायचा काउन्सेलरचा (समुपदेशकाचा) फॉर्म वेगळा. आपल्याकडे तो बहुधा उपप्राचार्यांच्या गळ्यात पडतो, आणि हे आपलं काम आहे हे त्यांना पटवण्यातच आठवडा जातो.

इंटिग्रेटेडवाल्या, म्हणजे नाव कॉलेजात आणि शिकणं कोचिंग क्लासमध्ये अशा, मुलांची खरी अडचण वेगळीच: कॉलेजात त्यांना ओळखतो कोण? दहावीच्या बाई कितीही प्रेमाने लिहोत, बऱ्याच कॉलेजांना अकरावी-बारावीचे विषयशिक्षक लागतात. तेव्हा निदान प्रॅक्टिकल चुकवू नका.

'तूच लिहून आण, मी सही करतो' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. ते मान्य केलं की सगळ्या शिक्षकांच्या पत्रांत एकच आवाज, तेच 'हार्डवर्किंग अँड सिन्सिअर', आणि वाचणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं. मसुद्याऐवजी एक पानभर मुद्दे द्या: कुठल्या धड्यात अडलात, मग काय केलंत, वर्गाबाहेर काय करता, घरची परिस्थिती, कॉलेजं आणि तारखा. मला उपयोगी पडतो तो असा मजकूर: परमँगनेटच्या टायट्रेशनला रीडिंग जुळेनात, बाकीच्यांनी शेजारच्या वहीतून आकडे उतरवले, हिने ब्युरेटच्या टोकातला हवेचा बुडबुडा शोधला. फॉर्ममध्ये 'पहिल्या १ टक्क्यातली' अशी खूण करायचीही सोय आहे, पण ती अशा वाक्याच्या जोरावरच टिकते.

पैशांचं काय लिहायचं? उत्पन्न सीएसएस प्रोफाइल या आर्थिक मदतीच्या वेगळ्या अर्जात येतं. पत्रात आकडे घालू नयेत, जुळले नाहीत तर प्रश्न उभे राहतात. 'गरीब आहे, मदत करा' तर नकोच. वडिलांची तुर्भ्याची नोकरी गेल्यावर मुलगी संध्याकाळी शिकवण्या घेऊ लागली आणि तरी मार्क टिकले, हे मात्र जरूर यावं, अर्थात खरं असेल आणि तिची हरकत नसेल तर.

इंग्रजीत हात अडत असेल तर शिक्षकांनी मराठीत लिहावं. भाषांतर दुसऱ्या शिक्षकाने करावं, अर्जदाराने किंवा घरच्यांनी नाही.

ट्रस्टवाले बहुधा लेटरहेड, सही, शिक्का, तारीख आणि पडताळणीसाठी फोन बघतात. मोबाइलवरचा तिरका फोटो न पाठवता नीट स्कॅन करून पीडीएफ करा. आणि शिक्का ऑफिसच्या कपाटात असतो, सुट्टीत ते कपाट उघडत नाही, तेव्हा सहीच्याच दिवशी तो मारून घ्या.