पेन नाही, पेन्सिल!
पाषाणहून स्कूटीवर निघाले, पाऊस नुसता धो धो आणि पायाशी फॉर्मॅलिनचा (नमुने सडू न देणारं द्रावण) डबा, आत उंदराच्या लिव्हरचे तुकडे. कॉमन हिस्टॉलॉजी फॅसिलिटीतल्या (जिथे अशा तुकड्यांच्या स्लाइड बनवतात) काकांनी कॅसेट, म्हणजे तुकडे ठेवायच्या छोट्या डब्या, बघितल्या आणि हसलेच, "मॅडम, पेनने लिहिलंय? अल्कोहोल-झायलीनमध्ये सगळं धुऊन जाणार." झालं, बाराच्या बारा परत पेन्सिलने लिहीत बसले. तुकडेही जाड निघाले, ४ मिलिमीटरच्या आत हवेत म्हणे, नाहीतर पॅराफिन, म्हणजे मेण, आतपर्यंत मुरत नाही.

पण काका मायक्रोटोमवर, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा कापायच्या मशीनवर, बसले ना, ५ मायक्रॉनच्या पातळ कापांची रिबन अशी सुटत गेली की बघतच राहिले, कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या आपोआप जातात आणि मग ती स्लाइडवर घ्यायची म्हणजे दुधावरची साय अख्खी उचलायची. मी ट्राय केलं. फाटली.

स्लाइड रंगवून आल्यात, पेशींचे न्यूक्लिअस निळे-जांभळे, बाकी गुलाबी. मस्त!